अर्ध्या टाकीवर लागणारा दिवा

मार्चमधला दुसरा शनिवार, रक्कम साडेसहाशे, हजर तिघे: मेकॅनिक, मी आणि गाडीतच बसून राहिलेली माझी बायको. दिल्लीतल्या मयूर विहारच्या गॅरेजमध्ये डॅशबोर्डवर लागणाऱ्या इंजिनाच्या पिवळ्या दिव्यासाठी आम्ही पहिल्यांदा गेलो तो दिवस. मेकॅनिकने मशीन लावून बघितलं. पेट्रोलची वाफ कुठूनतरी निसटते आहे, म्हणाला. टाकीचं झाकण बदललं, दिवा घालवला.

बुधवारी तो परत लागला.

तेव्हा आम्ही तिच्या रेडिएशनसाठी रोज गुरुग्रामला जात होतो. कॅबमध्ये तिला उलटी व्हायची, म्हणून आपलीच गाडी. दिवा दिसला की ती म्हणायची, "रस्त्यात बंद पडली तर? चला परत." मी गाडी वळवायचो. वाद घालण्याइतकं दोघांतही त्राण उरलं नव्हतं. असे दोन दिवस बुडाले. आणखी बुडवलेत तर उपचारांचा उपयोग राहणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

गॅरेजला पुन्हा दोनदा गेलो. तिथे दिवा लागेना. "सर, गाड़ी तो बिल्कुल ठीक है," मेकॅनिक म्हणाला.

पुढच्या वेळी दिवा लागला तेव्हा मी वळण्यासाठी इंडिकेटर दिला.

"अहो, टाकी अर्धी असली की लागतो हा," ती म्हणाली.

"कशावरून?"

"दीड तास दुसरं काय बघू? तुमचं तोंड? आणि गॅरेजला तुम्ही गाडी सुकवून नेता. तिथे कसा लागेल?"

खरं होतं. गॅरेजमध्ये पेट्रोल काढून घेतात, म्हणून टाकी तळाला गेल्याशिवाय मी गाडी कुणाच्या हवाली करत नाही. मी इंडिकेटर बंद केला आणि सरळ गेलो. दिवा कायमचा गेला तर परत फिरायला तिच्याकडे कारण उरणार नव्हतं. तरी का सांगितलंस, हे मी विचारलं नाही.

मेकॅनिकने दुजोरा दिला: टाकी इतकी रिकामी असली की गाडी स्वतःहून वाफेची गळती तपासतच नाही. रविवारी अर्ध्या टाकीनिशी गाडी त्याच्याकडे ठेवली. सोमवारी सकाळी आम्ही दोघं गेलो; त्याने एक फेरी मारताच दिवा लागला. त्याने नळ्यांमध्ये धूर सोडला. टाकीवरच्या रबरी नळीतून धुराची बारीक रेघ निघाली. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. मला आनंद वगैरे काही झाला नाही.

"एवढंसं?" ती म्हणाली, आणि जाऊन गाडीत बसली.

नळी बदलल्याचे मेकॅनिकला दोन हजार शंभर दिले. अकरा वाजता, गुरुग्रामला, हॉस्पिटलच्या पार्किंगवाल्याला चाळीस.