व्याह्यांचा कटर आणि तेलाचा आग्रह

या जगात कुणालाच पुरेसं मिळालेलं नाही अशी आमच्या व्याह्यांची ठाम समजूत आहे, आणि ती उणीव भरून काढण्याचं काम देवाने एकट्या त्यांच्यावर सोपवलंय असंही त्यांना वाटतं. व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. पिंपळगाव बसवंतजवळ त्यांची द्राक्षबाग आहे. स्वतः अंगाने अगदी काटक, कारण दुसऱ्यांना वाढण्याच्या नादात त्यांचं स्वतःचं जेवण राहूनच जातं. मुलीच्या लग्नात त्यांनी आमच्या पंगतीत जिलेबीचा असा आग्रह धरला की माझा मेहुणा शेवटी न्हाणीघरात शिरला आणि आतून कडी लावून बसला. व्याही दाराबाहेर ताट घेऊन उभे राहिले. गार झाली तर गरम करून आणतो, तुम्ही निवांत या, असं ते बंद दाराला मोठ्या प्रेमाने सांगत होते.

पुरणपोळीवरचं तूप ते चमच्याने वाढत नाहीत, तांब्याने वाढतात. नको म्हणायला ताटावर हात आडवा धरावा, तर धार थांबत नाही. पहिल्याच दिवाळसणाला मी तसा हात धरला आणि तूप बोटांवरून थेट मनगटावरच्या घड्याळात गेलं. ते घड्याळ तेव्हापासून मागेच पडतं. त्यांच्याकडचं कुत्रं चोर आला तरी झोपूनच भुंकतं, उठणं त्याला जमत नाही. पंक्चरवाल्याला ते 'घाल अजून, घाल' म्हणत मोटारसायकलच्या चाकांत एवढी हवा भरून घेतात की गाडी रस्त्यावर चेंडूसारखी उडत येते. आम्ही त्यांच्याकडून निघालो की डिकीत कांद्याची गोणी आलीच. माझ्या गॅलरीतला साठा बघून शेजारच्या बंगल्यातले गृहस्थ मला अधूनमधून कांद्याचा भाव विचारतात.

अशा माणसाच्या हाती एक चेनसॉ पडला होता. ते त्याला कटर म्हणत. जुनी बाग काढायची वेळ आली तेव्हा त्यांनी तो कुणाकडून तरी जुनाच घेतला, आणि बाग निघाली तरी कटर घरात राहिला. मग भावकीत कुणाच्या दारात फांदी वाळली, कुणाच्या पत्र्यावर झाड कललं की फोन यांना. हे कटर घेऊन जाणार, झाड पाडणार, ओंडके करून देणार, आणि येताना त्या घरच्या लोकांना स्वतःच्या हाताने जेवायला वाढून येणार. बागेचा कारभार मुलाने, म्हणजे माझ्या जावयाने, हातात घेतल्यापासून व्याह्यांना घरात विचारायचं असं फारसं उरलं नव्हतं. कटरसाठी मात्र लोक अजून त्यांनाच शोधत येत, आणि फोन आला की त्यांची मान जरा ताठ होई.

तर हा कटर म्हातारा झाला. सुरू व्हायचा, नुसता फिरवला तर छान गुरगुरायचा, पण लाकडात घातला की मान टाकायचा. व्याह्यांनी मला फोन केला. मला ते याही म्हणतात.

"याही, दुसरं काय नाय. अशक्तपणा हाय त्याला."

हे निदान झाल्यावर उपचार सुरू झाले. साखळीला कानशीने धार लावली. हवेची जाळी नातवाच्या दात घासायच्या ब्रशने साफ केली, मग नातवाला नवा ब्रश आणून दिला, खरं तर तीन आणून दिले. प्लग बदलला. टाकीतलं पेट्रोल ओतून ताजं भरलं. कटर जैसे थे. शेवटी त्यांनी धुराचं नळकांडं खोललं, तेव्हा आतली बारीक जाळी काळ्या चिकट काजळीने गच्च बुजलेली निघाली. धूर बाहेर पडायलाच वाट नव्हती, मग जोर कुठून येणार? कुंभारमाशीने आत घर केलं असा ठपका व्याह्यांनी लगेच त्या गरीब माशीवर ठेवला, तारेच्या ब्रशने जाळी चकचकीत केली, आणि कटर गरजला. त्या आनंदात पुरणाच्या मांड्यांचं जेवण झालं. पुढच्याच आठवड्यात कटरने पुन्हा मान टाकली.

आता मुलाचा धीर सुटला. त्याने बॅटरीवर चालणारं नवं मशीन बघून ठेवलं होतं आणि ते चालवायला द्राक्षं भरायच्या पॅकहाऊसवरचा एक माणूसही. आमच्या नाशिकच्या बंगल्याच्या आवारात एक जांभूळ वाळून पाण्याच्या टाकीवर कललं होतं, पाडायची परवानगीही आली होती. मुलगा म्हणाला, आबा, रविवारी ते झाड कापलं तर ठीक, नाही तर कटर भंगारात, आणि तुम्हीही आता घरी बसा. शेवटचं वाक्य तो काळजीने बोलला असेल, पण मुलीने मला सांगितलं की त्या दिवशी आबांनी कुणाला काहीच वाढलं नाही.

रविवारी पिकअपमधून सगळे आले. कटर बुंध्यात जेमतेम वीतभर शिरला, भरपूर धूर सोडला आणि बंद पडला. मुलगा घड्याळाकडे बघत गाडीला टेकून उभा राहिला. व्याह्यांनी ओट्यावर बसून पुन्हा नळकांडं खोललं. पुन्हा तीच काळी गच्च जाळी. ती घासून झाल्यावर ते पेट्रोल तयार करायला बसले, आणि तिथे मला सगळा उलगडा झाला. या यंत्राला जुन्या स्कूटरसारखं पेट्रोलमध्येच थोडं ऑईल मिसळून द्यावं लागतं. थोडं, म्हणजे लिटरभर पेट्रोलला टोपणभर. व्याह्यांनी ऑईलचा डबा उचलला आणि पोळीवर तूप सोडावं तशी धार सोडली. जरा थांबले, कटरकडे मायेने बघितलं, आणि अशक्त आहे म्हणून आणखी एक धार सोडली.

मुलीच्या बापाने व्याह्यांना तुमचं चुकतंय म्हणायचं, हे आमच्याकडे कुणी केलेलं मी पाहिलेलं नाही. मी डब्यावरची सूचना मोठ्याने, आपली सहज म्हणून वाचून पाहिली. मग हल्ली डॉक्टरांनी मलाही तेल कमी करायला सांगितलंय, असं झाडाकडे बघत म्हणालो. त्यावर त्यांनी मला डॉक्टर बदलायला सांगितलं.

शेवटी माझी मुलगीच पुढे आली आणि सरळ म्हणाली, आबा, त्याला ऑईल जास्त होतंय, त्याचीच काजळी धरते.

व्याह्यांचा हात थांबला. "कंपनीवाले मोजूनच सांगणार, पोरी. नांदगावकडं आमच्या लहानपणी दुष्काळात मोजून वाढलेलं मी लय खाल्लंय. माझ्या दारात कुणाला मोजून नाय."

गाडीला टेकलेल्या मुलाने मान खाली घातली. मुलगी त्यांच्याजवळ ओट्यावर बसली.

"आबा, आम्ही निदान ताटावर हात आडवा धरतो. त्याला हात कुठायत?"

व्याह्यांनी कटरकडे बघितलं. नको म्हणणाऱ्याला वाढणं त्यांना आयुष्यभर जमलं होतं, पण हा बिचारा नको म्हणूच शकत नव्हता, आणि ते इतकी वर्षं वाढत होते. त्यांनी केलेलं मिश्रण बाजूला ठेवलं, टाकीतलं जुनंही ओतून टाकलं, दुसऱ्या कॅनमध्ये नवं पेट्रोल घेतलं आणि टोपणाने मोजून ऑईल घातलं. एक थेंब टोपणाच्या कडेला लोंबत होता, तो त्यांनी झटकला नाही, पुसून घेतला.

कटर सुरू झाला तो फारसा धूर न काढता. जांभळाचा बुंधा त्याने असा उतरवला की टाकीला धक्का लागला नाही. ओंडके होईपर्यंत एकदाही दम टाकला नाही. जाताना मुलाने कटर मागे हौद्यात न टाकता पुढे स्वतःच्या पायाशी ठेवला, आणि गावात शेजारच्या गल्लीतही एक झाड वाळलंय, पुढच्या रविवारी सवड आहे का, असं आबांना विचारून घेतलं. त्या बॅटरीच्या मशीनचं पुढे मी काही ऐकलं नाही.

पण मुलाचं हे विचारणं जेवणानंतरचं. त्याआधी माझ्या घरी पुरणपोळी होती, आणि माझ्या घरीही व्याहीच वाढतात, त्याला आमचा इलाज नाही. ते तूप घेऊन माझ्यापाशी आले. माझा हात सवयीने ताटावर आडवा गेला. पण त्यांच्या हातात तांब्या नव्हता, चहाचा चमचा होता. एक चमचा तूप त्यांनी पोळीच्या बरोबर मधोमध सोडलं आणि उभे राहिले.

"याही, बास ना? जास्त नाय ना होत?"

हा प्रश्न त्यांनी मला कधीच विचारला नव्हता. कटर बरा झाला होता, पण हा माणूस एका सकाळीत अर्धा झाल्यासारखा दिसत होता, आणि मला ते अजिबात सोसलं नाही. मी हात काढून घेतला. एवढ्याने काय होतंय, म्हटलं, आम्हाला काय हात नाहीत का, नको असेल तेव्हा धरू.

त्यांनी चमचा खाली ठेवला आणि तांब्या शोधायला स्वयंपाकघरात गेले. तांब्या समोरच होता, तरी बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि ताट पुढे सरकवून त्यांची वाट बघत बसलो.