प्लॅस्टिकच्या नवऱ्याची बायको

माझी धाकटी जाऊ फार छान रडते. हे मी कौतुकानं लिहितेय असं कोणी समजू नये. पंचावन्नाव्या वर्षी माणसाला कोणाच्या गाण्याचा हेवा वाटावा, साडीचा वाटावा, मला जावेच्या रडण्याचा वाटतो. आणि तो वाटायला लागला एका प्लॅस्टिकच्या माणसामुळं.

आमच्या वन्सं, म्हणजे नणंदबाई, चिकलठाण्याकडच्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवतात. तिथं मुलींच्या सरावासाठी एक खोली केलीय. अगदी इमर्जन्सी वॉर्डासारखी. खाट, ऑक्सिजन, मॉनिटर आणि खाटेवर एक पुतळा. नुसता पुतळा नव्हे. तो श्वास घेतो, डोळे मिचकावतो, मनगटाला नाडी लागते. वन्सं काचेपलीकडच्या छोट्या खोलीत कॉम्प्युटरवर बसून त्याला घाम सोडून बाकी सगळं आणू शकतात. त्याच्या घशात स्पीकर आहे, त्यातून वन्संच घोगरा आवाज काढून "छातीत दुखतंय हो सिस्टर" म्हणतात. खऱ्या माणसावर हात चालवण्याआधी मुलींनी चुका कराव्यात त्या ह्याच्यावर. मुली त्याला काका म्हणतात.

"छाती दाबायला पुतळा शिकवतो," एकदा जेवताना वन्सं म्हणाल्या, "पण दारात उभी असलेली बायको कुठून आणू? मुलीच आळीपाळीनं बायको होतात आणि फिदीफिदी हसतात. वहिनी, तुम्ही दोघी याल का?"

वहिनी म्हणजे मी. दोघी म्हणजे मी आणि वरच्या मजल्यावरची धाकटी. मी तिच्याआधी हो म्हणाले.

मला वाटलं होतं, यात काय अवघड? शाळेच्या गॅदरिंगला मी दोन वर्षं काम केलेलं. वन्संनी गोष्ट समजावली. नवरा शेतातून येताना कोसळला, त्याचं हृदय थांबलं, मुली छाती दाबतायत, तेवढ्यात बायको आत घुसते. आक्रोश करायचा, खाटेपाशी जायचं, मुलींना काम करू द्यायचं नाही. मग एका मुलीनं बायकोला सांभाळायचं, बाकीच्यांनी हात थांबवायचे नाहीत. हीच त्यांची परीक्षा.

मी घुसले. एक सडपातळ मुलगी पुढं आली. "काकू, जरा बाहेर थांबता का?"

"हो हो, चालू द्या तुमचं," म्हणाले आणि बाहेर जाऊन दार हळूच ओढून घेतलं.

अर्धं मिनिटसुद्धा झालं नव्हतं. तेवढ्यात माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या घशातून बाईचा आवाज आला, "वहिनी, अहो, परत या!" आतल्या मुलींनी तोंडाला रुमाल लावले.

मग धाकटीची पाळी. ती गंगापूरकडची. दारातूनच तिनं "धनीऽऽ" अशी हाक मारली की कॉरिडॉरमधला शिपाई धावत आला. तिनं पुतळ्याचे पाय धरले. "उठा वो! म्या आता कुणाकडं बघू? डोळं तर उघडा!" छाती दाबणारी मुलगी दाबायची थांबली. दुसरी रडायला लागली. काचेमागं वन्संनी चष्मा काढून पुसला, आणि हा पुतळा विकत आणायला त्या स्वतः गेल्या होत्या!

त्यानंतर मुलींनी धाकटीभोवती कोंडाळं केलं. कोणी तिचा हात धरला, कोणी पदर सारखा केला, कोणी फोटो काढला. मला एकीनं विचारलं, "काकू, ह्यांना घ्यायला आलात का?"

घरी आल्यावर मी सराव सुरू केला. न्हाणीघरात, नळ सोडून. तिसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी बाहेरून दार वाजवलं. "पोट बिघडलंय का गं? इनो देऊ?" त्या माणसासाठी मी आत रडत होते. सराव तिथंच संपला.

आता खरं काय ते सांगते. धाकटीच्या रडण्याचं दुखणं माझं जुनंच. सासूबाई, धाकटीच्या आत्याबाई, गेल्या तेव्हा ती दोनदा बेशुद्ध पडली. सगळ्या बायका तिला धरून बसलेल्या. मी नातेवाइकांना फोन लावत होते, सतरंज्या मागवत होते, तुळशीचं पान, आधार कार्ड, सगळं शोधत होते. घरात चूल पेटवायची नव्हती. शेजारून थर्मासमध्ये चहा आला, तो कोणाला मिळाला, कोणाला बिनसाखरेचा हवा, हेही मीच बघत होते. शेवटचं वर्षभर सासूबाईंना कुशीवर वळवणारी, भरवणारी मी. पण आजही घरात त्यांचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "धाकटीचा लई जीव होता त्यांच्यावर." आणि मान माझ्याकडं वळवून, "मोठी खंबीर आहे." खंबीर! खांबाला कोणी मिठी मारत नाही.

तर प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली. बाहेरून परीक्षक मॅडम येणार होत्या. वन्सं म्हणाल्या, "परीक्षेला धाकट्या वहिनींनाच नेते."

"बरोबरच आहे," मी म्हणाले. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

परीक्षेच्या दिवशी मीही गेले. धाकटीचा डबा धरायला कोणी तरी हवं, असं कारण मीच काढलं. मुलींचे चार गट होते. पहिल्या गटाला धाकटी रडली, दुसऱ्याला त्याहून रडली. तिसऱ्याला "धनी" म्हणताना आवाज फाटला आणि मग नुसती हवा यायला लागली. घसा पूर्ण बसला. लिहायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. इतका, की तिला काचेमागं वन्संशेजारी बसवून गरम पाणी आणून देताना मी जवळजवळ पळाले.

"वहिनी, आता तुम्हीच," वन्सं म्हणाल्या. चेहरा असा, जणू परीक्षेला लाईट गेली.

मी ठरवलं होतं, आज गगन भेदायचं. दार ढकललं, तोंड उघडलं. एक मुलगी पुतळ्याची छाती दाबत होती, मोजत होती, कपाळावरून घाम गळत होता. एसी गारेगार. पुतळ्याच्या अंगावरची चादर वर सरकून पाय उघडे पडले होते. मी पुढं गेले आणि चादर ओढून पाय झाकले. मग त्या मुलीकडं पाहिलं आणि तोंडून निघून गेलं, "अगं, दमलीस की. किती वेळ एकटीच करतेस? बदला गं कोणी हिला."

दुसरी मुलगी चटकन पुढं झाली, दोघींनी जागा बदलल्या. मला बरं वाटलं.

"ओ बाई!" परीक्षक मॅडम ओरडल्या. "दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, ह्याचेच तर मार्क आहेत. पेशंटच्या बायकोनं उत्तरं सांगायची नसतात!"

त्या मुलींचे दोन मार्क माझ्यामुळं बुडाले. मला तिथंच जमिनीनं गिळावं असं झालं. पण गोष्ट संपली नव्हती. अजून मला नवरा गेल्याचं सांगायचं होतं. ते काम आलं त्या पहिल्या दिवशीच्या सडपातळ मुलीवर. तिनं मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं, स्वतः समोर टेकली. "काकू, आम्ही खूप प्रयत्न केले. पण काका गेले."

"बरं," मी म्हणाले. रडू येईना. नुसतं आठवत राहिलं की आता फोन करायला हवेत, आणि तसं म्हणालेही. "तुम्ही पोरी सकाळपासून उभ्या आहात. काही खाल्लंत का?"

पोरगी गोंधळली. तिला रडणाऱ्या बाईला पाणी द्यायचं, खांद्यावर हात ठेवायचा, हे सगळं पाठ होतं. मी रडतच नव्हते. मग हळूच म्हणाली, "आंटी, फोन मैं लगाती हूं. तुम बैठो." तिच्या घरची भाषा असावी ती. घाबरून आली असेल.

मी बसले. मला कोणी बस म्हटलं की मी उठतेच. पण बसले.

तेवढ्यात काचेमागून विचित्र आवाज आला, फुटक्या भोंग्यासारखा. वन्सं दार उघडून "पाणी आणा, पाणी आणा" करत आल्या. सगळ्या मुली तिकडं धावल्या, माझ्यासमोरची सुद्धा. आत धाकटी भिंतीला टेकून खाली बसली होती आणि रडत होती. ह्या वेळी तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी स्टुलावरून बघत राहिले. मेला माझा नवरा, आणि पाणी तिला!

शेवटी मीही गेले. तिनं माझा हात घट्ट धरला आणि हवेच्या आवाजात म्हणाली, "अक्का, तवा बी तुमी असंच केलं. आत्याबाई गेल्या तवा. पायावर पांघरूण घातलं आन् मंग फोन लावाया गेल्या. म्या बघितलं."

मला ते पांघरूण आठवत नव्हतं.

"मला काय बी सुचत नव्हतं, म्हणून रडत बसले," ती म्हणाली. "समदे इचारायचे तुमालाच. माझ्या हातात कुणी एक किल्ली नाय दिली."

रिक्षात दोघीच होतो. सिडकोपर्यंत मी एकच गोष्ट मनात घोळवली आणि शेवटी विचारली, "तू पाहिलं होतंस, तर इतकी वर्षं कोणाला सांगितलं का नाहीस?"

तिनं गळ्याकडं बोट दाखवलं. बोलता येत नाही.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी हळदीचं दूध करून वर नेते. घसा सुटला की तिनं हे सगळ्यांसमोर एकदा तरी बोलावं, सणावाराला, जेवताना, कधीही. मी विचारते, "कसं आहे?" ती मान हलवते. अजून नाय.

काल मी ग्लास घेऊन जिन्यात पोचले तर ती माहेरी फोनवर बोलत होती. खणखणीत. शेजारच्या बिल्डिंगला ऐकू जावं इतकी. मी दारापाशी थांबले. मग ग्लास पायरीवर ठेवला, त्यावर ताटली झाकली आणि खाली आले.