आबांना गेलेले तीन फोन

गाडी धडकली की ती आपोआप मदत केंद्राला फोन लावते आणि केंद्रवाले घरच्यांना कळवतात, एवढं ऐकूनच मी ती गाडी वडिलांना घ्यायला लावली. वडील, म्हणजे आमचे आबा, सत्तरीतही चोपड्याहून जळगावला एकटेच गाडी हाकत जायचे. मी धुळ्याला नोकरीला. माझा जीव टांगणीला लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप.

शोरूममध्ये फॉर्म मी भरला. ‘अपघात झाल्यास कोणाला कळवायचं?’ या रकान्यात मी आबांचाच नंबर लिहिला. हसू नका. गॅस, वीज, ठिबक, माझं कॉलेज, आमच्या घरात कुठल्याही कागदावर घरच्या कर्त्याचाच नंबर जातो. शेजारी बसलेल्या आबांनीही मान डोलावली. एवढी शिकले आणि ऐन वेळी अक्कल गहाण टाकली.

पुढच्याच महिन्यात, भर दुपारी, जळगावहून परतताना आबा केळीची ट्रॉली चुकवायला गेले आणि गाडी रस्त्याकडेच्या खोल चारीत उतरून बाभळीवर आदळली. आबांचा उजवा पाय पत्र्यात अडकला. गाडीने आपलं काम चोख केलं, केंद्राला फोन लावला. तिकडून कोणी बाई हिंदीत विचारत राहिली, पण आबांच्या तोंडून शब्द फुटेना. मग केंद्राने घरच्यांना फोन केला. म्हणजे आबांनाच, तीनदा. माझा फोन धुळ्यात, ऑफिसच्या टेबलावर गप्प पडला होता. चारीतली गाडी रस्त्यावरून दिसत नव्हती. दोन तासांनी केळी कापून परतणाऱ्या मजुरांच्या नजरेस पडली.

जळगावला गुडघ्याखालून पाय काढावा लागला. ‘तासभर आधी आणलं असतं तर वाचवायचा प्रयत्न केला असता,’ एवढंच डॉक्टर म्हणाले.

मी केंद्राला फोन करून भांडले.

“मॅडम, नोंदलेल्या नंबरावर आम्ही तीनदा प्रयत्न केला.”

“तो नंबर गाडीतच होता हो!”

“नंबर आपणच दिलाय. घरच्यांनी दुजोरा दिल्याशिवाय आम्ही रुग्णवाहिका पाठवत नाही.”

अडकलेल्या माणसाकडेच त्याच्या अपघाताचा दुजोरा मागायचा, हे त्यांच्या यंत्राला खटकलं नाही. पण शिव्या कोणाला घालणार? नंबर लिहिणारा हात माझाच. आठ दिवस मी आबांच्या खाटेशी बसून होते आणि फॉर्मचं सांगायची हिंमत होत नव्हती.

नवव्या दिवशी आबा आपणहूनच बोलले. “फोन वाजी ऱ्हायंता. सीटखाले पडेल व्हता, हात पुरेना. मले वाटनं, तूच करी ऱ्हायनी. पोरले कळनं, आते कोन्हीतरी येई. म्हनीसन मी धीर धरीसन ऱ्हायनू.”

त्या दिवशी मी आबांना एकदाही फोन केला नव्हता.