दहा अँपियरचा भित्रा

गेवराईत आमचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. आमचं म्हणजे माझं आणि सत्तारचं. गिऱ्हाईक येतं ते हातात जळकं सामान घेऊन, आणि सामानाबरोबर त्याची कहाणीही येते. जळकं सामान आम्ही मागच्या पिंपात टाकतो. ते पिंप भंगारवाला दर दिवाळीला रिकामं करून नेतो. कहाण्या मात्र कोणी नेत नाही, त्या साचतच जातात!

एकदा एक शेतकरी दुकानात आले आणि छाती काढून म्हणाले, "आमच्या घरी फ्यूज आजवर एकदा बी उडाला न्हाई."

मला कौतुक वाटलं. विचारलं, "आत कोणती तार टाकता?"

"बांधकामाची! सळईला बांधतेत ती. दुहेरी पीळ घालून."

"मग आज काय काम काढलंत?"

"मीटर उडालंय."

* * *

तलवाड्याचे तात्या म्हणजे गावातलं वजनदार माणूस. घर वडिलांच्या काळातलं, भक्कम. वायरिंगही वडिलांच्याच काळातलं: लाकडी पट्टीवरून गेलेली बारीक अॅल्युमिनियमची वायर. परवाच्या उन्हाळ्यात त्यांची लेक बाळंत झाली. बाळाला ऊन सोसणार नाही म्हणून तात्यांनी आतल्या खोलीत एसी बसवला. शेजारी बाळाच्या आंघोळीचं पाणी तापवायला रॉड लावला. दोन्ही त्याच बारीक वायरीवर! लेक अजून दवाखान्यात होती, दोन-चार दिवसांत घरी येणार होती.

त्या लाईनीवर दहा अँपियरचा ब्रेकर मीच बसवला होता. एसी आणि रॉड एकदम चालू झाले की पाच-दहा मिनिटांत तो पडून लाईन तोडायचा. तात्यांनी मला बोलावून घेतलं.

"कावून पडतो ह्यो सारखा? लई भित्रा हाय. काढ, बत्तीसचा बसीव."

मी म्हणालो, "तात्या, ब्रेकर वायरीच्या मापाचा लागतो. तुमची वायर दहाचीच आहे. आधी एसीला जाड तांब्याची वेगळी लाईन ओढू, मग तुम्ही म्हणाल तसं."

"भिंती फोडायच्या? बाळ घरात यायच्या टायमाला?" तात्या उठून उभे राहिले. "सरपंचाकडं बत्तीसचा हाय, अन् माझ्याकडं दहाचा? न्हाई बसवीत? ह्यो बी भित्रा अन् तू बी भित्रा!"

आमच्याकडे अँपियर ही इभ्रतीची गोष्ट आहे, हे मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. पण मी काही बत्तीसचा बसवला नाही. पाना-पक्कड गोळा केली आणि चहा न घेता निघालो.

* * *

त्याच आठवड्यात एका ऊसतोड मुकादमाचा कारखान्यावरून फोन आला. हा पठ्ठ्या दसऱ्यानंतर टोळी घेऊन गेला, तेव्हा देवापुढचा बल्ब विझू नये म्हणून ब्रेकरचं बटन सुतळीनं वर आवळून गेला होता. घरी आई-वडील.

"सुतळी हाय तशीच हाय, बटन वर हाय, अन् आई म्हनती घरात अंधार. आसं कसं?"

"मुकादम, बटन बांधलं तरी ब्रेकर आतून सुटतो. त्याची बनावटच तशी असते."

"बांधून ठिवल्यावर बी सुटतो?"

फोन स्पीकरवर होता. सत्तार पलीकडून ओरडला, "मुकादम, उचल देऊन बांधलेली टोळी कशी सुटती, तुमच्या टोळीला इचारा की!"

मुकादम हळूच म्हणाला, "सुतळी सोडायला कवा येता?"

* * *

सगळीच गिऱ्हाइकं अशी नसतात बरं का! गेवराईतच एक काकू आहेत. त्यांच्या अंगणात खड्डा घेऊन घराची अर्थिंग केली आणि सांगितलं, "उन्हाळ्यात ह्या खड्ड्यात रोज तांब्याभर पाणी टाकत जा. माती वाळली की अर्थिंग कामाची राहत नाही."

काकांनी कपाळाला हात लावला. "मानसाला टँकरचं पानी, अन् ह्याला तांब्या?"

काकूंनी विचारलं, "भांडी धुतलेलं चालतंय का?"

"पळतंय!" मी म्हणालो.

"मग झालं. देवाला खरकटं चालत न्हाई, ह्याला चालतंय. देवापेक्षा गरीब हाय बिचारा."

दोन उन्हाळे गेले, काकूंचा नेम मोडलेला नाही. परवा मीटर लावून बघितलं, तालुक्यात अशी अर्थिंग मी दुसरी पाहिली नाही. काका अजून कुरकुर करतात, पण भांडी धुतलेलं पाणी आता तेच आणून ओततात.

* * *

आणि मग एका दुपारी तात्यांचा फोन. आवाजात नुसता आनंद!

"बत्तीसचा बसीवला! भाच्यानं पाच मिन्टांत काम केलं. सकाळधरून एसी चालू, रॉड चालू, अन् पडला का? न्हाई पडला! संध्याकाळी लेक येतीय घरी."

पडला नाही, हीच तर भीतीची गोष्ट होती. मी म्हणालो, "तात्या, आत्ताच्या आत्ता सगळं बंद करा." तात्या हसले आणि त्यांनी फोन ठेवला. मी आणि सत्तारनं मोटारसायकल काढली. तलवाड्यापर्यंत मी गाडी कुठं थांबवली नाही, इतका घाबरलो होतो.

खोलीत शिरताच जळकट वास आला. पाळणा टांगून तयार होता, आणि त्याच्या बरोबर वरून ती लाकडी पट्टी गेली होती. पट्टीला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

तात्या बोर्डाकडे बोट दाखवत म्हणाले, "बघ, कसा मर्दावानी उभा हाय!"

मी मेन स्विच पाडला. पट्टीचं झाकण उचकटलं. आतल्या वायरीचं कव्हर पाकासारखं वितळून लाकडाला चिकटलं होतं, आणि लाकूड काळं पडलं होतं.

"तात्या, तो उभा आहे कारण बत्तीसच्या आतलं त्याला काही कळतच नाही. घर पेटलं असतं तरी तो असाच उभा राहिला असता."

तात्यांनी एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा खाली पाळण्याकडे. मग पाळणा काढून बाजूला ठेवला. म्हणाले, "फोड भिंती."

लेकीला आणखी दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. आम्ही एसीला आणि रॉडला जाड तांब्याच्या वेगवेगळ्या लाईनी ओढल्या, दोन्हींना बेताचे ब्रेकर लावले. खोलीतल्या दिव्या-पंख्याची जुनी वायर काढून नवी टाकली. तात्यांनी कपाटातून तो जुना दहाचा ब्रेकर आणून दिला. त्या नव्या वायरीवर तोच परत बसवला.

* * *

बारशाचं आमंत्रण द्यायला तात्या स्वतः दुकानात आले.

बारशाच्या दिवशी खोली बायकांनी भरली होती, पाळणा हलत होता, एसी गार वारा देत होता. पाव्हण्यांना मानाचं टोपी-टॉवेल सुरू झालं. तात्या माझ्याकडे यायला लागले, तशी मी पुढे होऊन मान वाकवली.

तात्या मला ओलांडून पुढे गेले!

बोर्डाजवळ थांबले. ब्रेकरच्या डब्याला कुंकवाचं बोट लावलं, वर टोपी ठेवली आणि टॉवेल उलगडून त्याच्यावर पांघरायला लागले.

"तात्या, डब्यावर कापड नको!" मी ओरडलो. "गरम होतं ते!"

पाळण्याचं गाणं थांबलं. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. मग तात्यांनी डब्यावरची टोपी उचलली, माझ्या डोक्यावर ठेवली आणि टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला.

"घे," म्हणाले, "भित्र्याचा मान भित्र्यालाच."