फुलीच्या पलीकडे दोनशे पावलं

आमच्या इमारतीत तळमजल्यावर माझं रंगाचं दुकान आहे आणि तिसऱ्या मजल्यावर पिवळेकाका राहतात. पिवळे हे त्यांचं आडनाव नव्हे. तीस वर्षं गावाबाहेरच्या टेकड्यांवर आणि जंगलात त्यांनी चालणाऱ्यांसाठी पिवळ्या खुणा रंगवल्या, म्हणून ते नाव पडलं. ते इतकं पक्कं बसलं की नवा पोस्टमनसुद्धा माझ्या दुकानात डोकावून विचारतो, "पिवळे कोणत्या मजल्यावर?"

सात वाटा, मिळून अडुसष्ट किलोमीटर. आमच्याकडच्या टेकड्या काही आभाळाला भिडणाऱ्या नाहीत. एकीचा उतार संपायच्या आत दुसरीचा चढ सुरू होतो आणि मधल्या खोलगटात दाट झाडी. नवखा माणूस फसतो तो तिथेच, कारण सगळे चढ सारखे दिसतात आणि झाडीत शिरल्यावर आलो कुठून हेही कळेनासं होतं. म्हणून काका. तारेच्या ब्रशने खोडावरचं शेवाळ खरवडायचं, फडक्याने पुसायचं, छातीच्या उंचीवर तळहाताएवढी पट्टी मारायची आणि वीस पावलं पुढे जाऊन वळून बघायचं. एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसलीच पाहिजे. जाणाऱ्याला दिसते तशी परतणाऱ्यालाही दिसली पाहिजे, म्हणून प्रत्येक खूण दोन्ही बाजूंनी. वळणाला बाण. आणि फाटा फुटला की चुकीच्या वाटेवर फुली.

फुलीचं काम मात्र दोघांचं होतं. काकू सुट्टीच्या दिवशी बरोबर जायच्या. चुकीची वाट खरोखरच चुकीची आहे की नाही हे बघितल्याशिवाय फुली मारायची नाही, हा काकांचा कायदा. मग काका फाट्यावर बसून डबा उघडायचे, रंग ढवळायचे, आणि काकू त्या वाटेने दोनशे पावलं आत जायच्या. मोठ्याने मोजत जायच्या, म्हणजे काकांना ऐकू यावं. परत येऊन सांगायच्या, "पुढे ओढा आहे, पूल नाही. मार फुली." एकदा म्हणाल्या, "अरे, ही तर आपल्या वाटेपेक्षा छान आहे!" त्या वर्षी सहावी वाट तिकडून वळवली. घरी काकू 'अहो' म्हणायच्या आणि टेकडीवर 'अरे'. तिथे कोण ऐकतंय, असं त्यांचं म्हणणं. हे सगळं मला काकांनीच सांगितलं, पण फार उशिरा, आणि ते आधी सांगितलं असतं तर मी त्यांना पुढे तो रंगाचा डबा दिलाच नसता.

तीन वर्षांपूर्वी काकू विसरायला लागल्या. आधी दुधाचं भांडं, मग शेजाऱ्यांची नावं, मग रस्ते. एकदा बसस्टँडवर अनवाणी सापडल्या. दुसऱ्यांदा पार कालव्यापाशी, संध्याकाळी, अंगावर स्वेटर उलटा. तेव्हा मुलगी आली. ती दुसऱ्या गावात बँकेत आहे, स्वभावाने वाईट नाही, पण बोलते ती शिक्का मारल्यासारखी. "बाबा, पुन्हा एकदा आई बाहेर गेली, तर मी तिला संस्थेत ठेवणार. तुमच्याच्याने हे होत नाही." माझ्या काउंटरच्या काचेखाली तिने आपला नंबर सरकवला आणि मला म्हणाली, "बाबा सांगणार नाहीत. तुम्ही सांगा." म्हणजे चहाडीचं खातं माझ्याकडे. मी मान डोलावली, कारण तिच्यासमोर मान डोलावण्यावाचून दुसरं काही करता येत नाही.

काका ती संस्था बघून आले होते. स्वच्छ आहे म्हणाले. बायकांचा विभाग वेगळा, दाराला आकडे दाबायचं कुलूप, आणि भेटायची वेळ चार ते पाच. "पाचला उठायचं," एवढंच म्हणाले आणि माझ्या दुकानातला रंगांचा तक्ता बघत बसले.

तेव्हापासून घराला आतून कुलूप आणि किल्ली काकांच्या गळ्यात. दोन खोल्या, स्वयंपाकघर, सगळ्या खिडक्यांना गज. पुढच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते आणि भिंतीच्या कडेला अंगठ्याएवढी टेकडी. खिडकीपासून दारापर्यंत चौदा पावलं. पायाला भिंगरी असलेला हा माणूस भाजीसुद्धा दोरीला टोपली बांधून वर ओढायला लागला. मी कधी वर गेलो की बोलायचे ते वाटांबद्दल. चौथ्या वाटेवरचं पडलेलं झाड हलवलं का? कुंपणावरच्या पायऱ्या बदलल्या का? मला काय कळतंय? मी आपला 'हो हो' म्हणायचो. त्यांच्या पाठीमागे काकू पलंगावरून उठून दाराशी जायच्या, कडी हलवून बघायच्या आणि परत यायच्या. दिवसभर तेच. काका म्हणायचे, "मला राग येतो रे तिचा. मग स्वतःचा येतो. मग जेवायची वेळ होते."

एके दिवशी त्यांनी खिडकीतून टोपली खाली सोडली. आत चिठ्ठी: अर्धा लिटर पिवळा, दोन इंची ब्रश. मी दिला. त्यांनी पलंगापासून संडासापर्यंत भिंतीवर पट्ट्या मारल्या, वळणाला बाण, आणि परतीसाठी उलट्या बाजूने पुन्हा तेच. घरमालक बघेल तेव्हा बघेल. आणि खरं सांगतो, जमलं! आठ दिवस काकू कोणाला न विचारता जात होत्या आणि पट्टी पट्टी बघत पलंगावर परत येत होत्या. काकांनी वरून मला हाक मारून सांगितलं, "कळतंय तिला! खुणा कळतायत!" त्यांचा इतका मोकळा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता.

मग नवव्या दिवशी सकाळी त्यांनी दारावर आतून फुली मारली. चांगली हातभर.

ऑइलपेंटच तो. बंद घरात वासाने डोकं उठलं आणि ओलं दार चौकटीला चिकटायला लागलं, म्हणून काकांनी दार अर्धं उघडं ठेवलं आणि उंबऱ्यात खुर्ची टाकून स्वतः बसले. रात्र रात्र जागणारा माणूस तो. बसल्या बसल्या डोळा लागला.

मी गिऱ्हाइकाला पांढऱ्या रंगाच्या छटा दाखवत होतो. जिन्यातून आवाज आला, "एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस." काकू खाली आल्या. पायात चप्पल, केस नीट, मान ताठ. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी गिऱ्हाइकाला तिथेच सोडून मोबाइल हातात घेतला, काचेखालचा नंबर घेतला आणि त्यांच्या मागे निघालो. हात धरून परत आणायला हवं होतं, नाही का? पण मला हातच घालवेना. ज्या बाईला माझं नाव आठवत नाही, ती एकही आकडा न चुकवता मोजत होती.

शिंपी, बेकरी, सायकलवाला. कोपऱ्यावरून डावीकडे. तिथे आमची गल्ली गोदामाच्या भिंतीला जाऊन संपते. "एकशे नव्याण्णव, दोनशे." काकू थांबल्या. भिंतीकडे बघितलं, दोन्ही बाजूंना बघितलं, आणि वळल्या. परत येताना त्या मोजत नव्हत्या. चालत होत्या मात्र अशा, की मलाच भरभर पाय उचलावे लागले. कोपरा वळलो तेव्हा वर बघितलं. खिडकीत काका उभे होते, दोन्ही हातांनी गज धरून.

आम्ही वर पोचलो तर खुर्ची बाजूला आडवी पडलेली आणि काका दारात. काकू त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि धाप लागलेली असतानाही ठणठणीत म्हणाल्या, "पुढे भिंत आहे रे. वाट जात नाही. मार फुली."

तेव्हा काकांनी मला तो फुलीचा सगळा प्रकार सांगितला, तिथेच, उंबऱ्यावर उभ्या उभ्या. "तीस वर्षं फुली मी मारत होतो आणि आत ती जात होती. माझ्या डोक्यात काय राहिलं? फुली म्हणजे जायचं नाही. तिच्या डोक्यात राहिलं ते तिचं काम. मी माझीच बाजू धरून बसलो."

"पण मग तुम्ही खाली का नाही आलात?" मी जरा चिडूनच विचारलं. माझा जीव टांगणीला लागला होता आणि हे आपले खिडकीत उभे!

काका काकूंकडे न बघता बोलले. "ती खुर्चीला वळसा घालून गेली तेव्हा मी जागा झालो होतो. हाक मारली नाही. वाटलं, जाऊ दे. खिडकीशी गेलो, तिचा आवाज ऐकत राहिलो. एकशे वीसपर्यंत मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू? मोकळं वाटत होतं. मग ती कोपरा वळली, आवाज यायचा थांबला आणि गजांवरचे हात सुटेनात. दारापर्यंतसुद्धा येता येईना."

मोबाइल अजून माझ्या हातातच होता. त्यांनी तो बघितला, पण 'करू नकोस' असं म्हणाले नाहीत. मी तो खिशात टाकला. मुलीला मी तेव्हा फोन केला नाही, आणि अजूनही केलेला नाही. बरोबर केलं की चूक, हे मला कोणी विचारू नये.

काकू एवढ्यात दार पुढेमागे करून बघत होत्या. आतून बघितलं, मग जिन्याकडच्या बाजूने. "ह्या बाजूला कुठे मारलीस? परतणाऱ्याला कसं दिसणार? कोणीतरी आत शिरेल आणि अडकेल की रे."

काकांनी आतून डबा आणला. जिन्याच्या कट्ट्यावर ठेवला, फडक्याने दार पुसलं आणि बाहेरच्या अंगाला फुली मारली, आतल्याएवढीच. चार पायऱ्या उतरून वळून बघितलं. काकूंनीही बघितलं. "हं," म्हणाल्या, आणि आत जाऊन भिंतीवरच्या पट्ट्यांच्या मागे मागे पलंगाकडे गेल्या.

काका माझ्याकडे वळले. "बाहेरून कडी तू लाव. माझा भरवसा नाही. तासाभराने येऊन काढ." डबा उचलला आणि तेही उंबरा ओलांडून आत गेले.

मी दार ओढलं. फुली ओली होती, अंगठ्याला रंग लागला. कडी लावली आणि मूर्खासारखा तिथेच उभा राहिलो. आतून मोजण्याचा आवाज यायला लागला. एक, दोन, तीन. चौदाला थांबला, मग पुन्हा एकपासून. आवाज काकांचा होता.