बटाट्यांच्या गोदामातला हिवाळा

थंडीचीही आधी रंगीत तालीम करता येते, असं मानणारा माणूस जगात एकच असेल आणि तो आमचा घरमालक आहे. नाशिकहून नोकरीसाठी इंदूरला आलो तेव्हापासून मी या काकांच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहतो. त्यांची एकुलती एक मुलगी मीनल रशियात डॉक्टरकी शिकते, मॉस्कोहून पुढे रात्रभर रेल्वेने जावं लागतं अशा एका गावात. काका स्वतः उज्जैनपलीकडे फारसे गेलेले नाहीत, पण जिना उतरताना रोज तिथलं हवामान जाहीर करतात. मे महिन्यात आम्ही घामाने निथळत असतो आणि हे काळजीच्या सुरात सांगतात, तिकडे पुन्हा गारठलंय. जवळच्या देपालपूरकडचं कुणी त्या बाजूला शिकायला निघाल्याचं कानावर आलं, की स्कूटरला किक मारून ते त्या घरी मीनलसाठी लवंगी शेव पोचवून येतात. बर्फात शेव सादळू नये म्हणून पिशवीत पिशवी आणि तिच्यात आणखी पिशवी.

मीनलचं जायचं ठरलं तो उन्हाळाच होता. सांवेर रोडवर माझ्या कारखान्याला लागून बटाट्यांचं कोल्ड स्टोरेज आहे. "भिया, तुमची ओळख आहे ना तिथे? बच्ची को आदत तो पडे," असं म्हणून काकांनी तिला माकडटोपी आणि दोन स्वेटर चढवून पोत्यांच्या थप्प्यांमध्ये नेऊन बसवलं. ती हसून हसून बेजार. थोड्याच वेळात काकांचेच दात वाजायला लागले, तेव्हा सवय झाल्याचं जाहीर करून ते बाहेर पडले.

पहिल्याच जानेवारीत मीनलचा रडत फोन आला. बोटं सुजलीत, भाषा कळत नाही, मला घरी यायचंय. काकूंना ती आजच्या आज हवी होती. काकांनी मात्र गल्लीभर तिला डॉक्टर करून ठेवलेलं, त्यामुळे ते तिला धीर धर म्हणत राहिले. त्या दिवशी वरच्या घरात कुणी जेवलं नाही. दुसऱ्या सकाळी काका माझ्याबरोबर सांवेर रोडला आले, स्वेटर काढून माझ्या हातात दिला आणि एकटेच त्या गोदामात जाऊन बसले. शेवटी चौकीदाराने त्यांना दंडाला धरून बाहेर आणलं. उन्हात बसून त्यांनी फोन लावला.

"बेटा, मी आत्ता बसून आलो. नाही गं सहन होत. मी उगाच हिंमत रख, हिंमत रख करत होतो. तू ये परत. लोगों का मैं देख लूँगा."

मग पलीकडे मीनल जी रागावली, मलाही ऐकू आलं! स्वेटर का काढला, छाती भरली तर काय कराल, आधी कोमट पाणी प्या, पाय झाका. ऐन रागात ती डॉक्टरसारखी बोलू लागली होती, आणि काका निमूट मान डोलावत होते. परत यायचा विषय तिने पुन्हा कधी काढला नाही.

यंदा तिचं शेवटचं वर्ष आहे. तिकडेच काम मिळेल, असं ती हल्ली अधूनमधून बोलते. काका तेवढ्यात तिकडचं हवामान विचारतात. परवा जिन्यात थांबून त्यांनी मला विचारलं, "भिया, तुमच्या फॅक्टरीत भट्टी आहे ना? तिला आता इंदौरची गर्मी झेपायची नाही. आली की थोडी सवय करून देऊ."

आमच्याकडे पुठ्ठ्याची खोकी बनतात. पण मी "आहे" म्हणालो.