खोडलेल्या वाक्याचा धनी

माझी भाची शलाका लोकांनी न बोललेली वाक्यं गोळा करते. याला कोणी पगार देतं का, असं मी तिला पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. नागपूरहून ती इकडे कन्नड मुलखात एका लॉ कॉलेजात शिकवायला आली आणि येलहंक्याच्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर राहू लागली. तिचा विषय राज्यघटना आणि बोलण्याचं स्वातंत्र्य. तिचं म्हणणं, कोर्टात गेलेले खटले सगळेच अभ्यासतात. पण माणूस फोनवर काहीतरी लिहितो, पाठवायच्या आधी घाबरतो आणि पुसून टाकतो, तिकडे कुणाचं लक्षच नाही.

"मावशी, कलम एकोणीसमध्ये आधी हक्क आहे, मग त्यावरची बंधनं," ती सांगायची. "लोक आता बंधनांची वाटच बघत नाहीत. आधीच गप्प बसतात."

ती ओळखीच्या, अनोळखी माणसांशी तासन्‌तास बोलायची. पुसलेलं वाक्य एकही शब्द न बदलता उतरवून घ्यायची, पण नाव कुठेच लिहायची नाही. नावं फक्त तिच्या डोक्यात. प्रत्येकाला तसा शब्दच द्यायची. मी तिला चिडवायचे, की अगं, तू संशोधक आहेस की पापं ऐकणारा पाद्री!

मागच्या हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळाने तिचं रविवारचं व्याख्यान ठेवलं. खारा भात आणि केसरी भात, म्हणजे आपला उपमा आणि शिरा, असला की आमच्याकडे राज्यघटनेलाही गर्दी होते. शलाकाने आधी स्वच्छ सांगितलं, की आता वाचते ते वाक्य माझं नाही. एका माणसाने ते लिहून पुसलं होतं आणि मला दिलं. मग तिने ते वाचलं. एका पुतळ्याच्या खर्चाबद्दल होतं, जरा तिखट. ते इथे लिहायची माझी हिंमत नाही.

आमच्या मंडळाची एक खोड आहे. कार्यक्रम झाला की न आलेल्यांसाठी व्हिडिओचे छोटे तुकडे करून ग्रुपवर टाकायचे, म्हणजे ज्याला त्याला स्टेटसला लावता येतात. हे काम एचएसआर लेआउटमधली अमृता करते, आयटीतली गुणी पोरगी. तिने लांबलेली प्रस्तावना कापली आणि चटकदार तेवढं ठेवलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. संध्याकाळपर्यंत तो तुकडा मंडळाबाहेर गेला होता. त्यात आमची शलाका माझी इरकली साडी नेसून, ठासून, ते वाक्य स्वतःचं असल्यासारखं म्हणत होती.

आधी नुसती शांतता पसरली. कॉलेजने तिला थोडे दिवस घरीच राहा म्हणून सांगितलं. गाडीवरचा भाजीवाला अण्णा आमच्या गेटपाशी थांबायचा बंद झाला. समोर एक मोटारसायकल उभी राहू लागली. तिच्यावरचा माणूस हेल्मेट कधी काढायचा नाही. मी त्याला जाब विचारायला निघाले, तर शलाकाने दंड धरून मागे ओढलं. मला भीती वाटत होती, सरळ सांगते.

मग तक्रार झाली. पोलीस तिचा फोन आणि लॅपटॉप घेऊन गेले, तिला ठाण्यात बोलावलं. मी सोबत गेले. इन्स्पेक्टर मऊ कन्नडमध्ये बोलत होता.

"मी पूर्ण व्हिडिओ पाहिलाय, मॅडम," तो म्हणाला. "वाक्य तुमचं नाही, मान्य. मग कुणाचं? नाव सांगा आणि घरी जा."

"ते मला सांगता येणार नाही."

"स्वल्प विचार करा."

परतताना रिक्षात मी तिच्यावर भडकले. "तू काय हरिश्चंद्राची लेक आहेस? ज्याचं त्याने निस्तरावं!"

"वकिलाने अशिलाचं गुपित राखलं तर कायदा त्याच्या मागे उभा राहतो, मावशी. संशोधकाच्या मागे कुणीच नाही," ती म्हणाली. "पण मी नाव घेतलं तर तो माणूस उद्ध्वस्त होईल."

"आणि नाही घेतलंस तर तू?"

तिने रिक्षावाल्याला आमचं वळण दाखवलं.

पुढे एके दिवशी ती वकिलाकडे गेली असताना पद्मनाभ आले. मंडळाचे अध्यक्ष, आमच्या यजमानांचे सरकारी कारखान्यातले सहकारी, वर्षानुवर्षं माझ्या हातची कॉफी पिणारे. ते चप्पल काढता काढताच म्हणाले, "कल्पनाअक्का, तिने नाव दिलं का हो?"

"नाही. आणि देणारही नाही."

"नक्की?"

"जीव गेला तरी."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग कॉफी मागितली. कप समोर आला तरी पुन्हा म्हणाले, "नक्की ना?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते माझ्या समोर सोफ्यावर बसलं होतं. मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांनाही कळलं.

"मुलगा संरक्षण खात्यात आहे, अक्का," एवढंच बोलून ते उठले. कॉफी तशीच राहिली.

शलाका आल्या आल्या मी म्हणाले, "मला कळलं कोण ते." तिने झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

"नाव उच्चारू नकोस, मावशी. उद्या पोलीस तुझा जबाब घ्यायला घरी येणार आहेत. आज सकाळपर्यंत तू खरंच सांगू शकली असतीस, की तुला माहीत नाही."

"मग आता काय सांगू?"

"ते मी कसं ठरवू?"

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर एका महिला पोलिसाला घेऊन आला आणि पद्मनाभ बसले होते तिथेच बसला. शलाकाला त्याने वर थांबायला सांगितलं. "अम्मा, ते वाक्य कुणाचं, ठाऊक आहे?"

पद्मनाभांचा राग आला होता, पण कीवही येत होती. आमचे यजमान आजारी असताना हाच माणूस रोज दवाखान्यात डबा आणायचा. "गोत्तिल्ला," मी म्हणाले. माहीत नाही.

"सरी." बरं म्हणत त्याने लिहून घेतलं. "काल पद्मनाभ सर स्वतःहून ठाण्यात आले होते. ते म्हणतात, हे वाक्य त्यांनी याच घरात, तुमच्या तोंडून ऐकलं."

 आता खरं नाव सांगायचं तर आधी मी खोटं बोलले हे कबूल करायला हवं होतं, आणि त्यानंतर माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? त्याने शलाकाला खाली बोलावलं आणि पद्मनाभांचा जबाब वाचून दाखवला. ऐकता ऐकता तिने माझा हात घट्ट धरला. 

"हिचं नाही," ती म्हणाली. "वाक्य माझं आहे."

 पूर्ण व्हिडिओ इन्स्पेक्टरने पाहिला होता, हे खोटं त्याला कळत होतं. मग ती बोलली तसंच त्याने लिहून घेतलं आणि महिला पोलिसाला उठून शलाकाला ताब्यात घ्यायची खूण केली.